दहा सेंटचं कॉमिक आणि ९१ लाख डॉलर: जुन्याची ओढ नेमकी काम कशी करते?

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेत 'सुपरमॅन' मालिकेच्या पहिल्या अंकाची एक प्रत लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. १९३९ साली हा अंक दुकानात दहा सेंटला मिळायचा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना तो आई गेल्यानंतर तिच्या घराचा माळा आवरताना सापडला. पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली.

अशी बातमी आली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "लोकांना वेड लागलंय." आणि दुसरं, "आमच्याकडची सगळी कॉमिक्स आईनं रद्दीत घातली, नाहीतर आज..." पहिलं वाक्य मला पटत नाही आणि ते का, हे पुढे सांगतोच. दुसऱ्या वाक्यात मात्र या सगळ्या प्रकरणाचं निम्मं उत्तर आहे. आईनं रद्दीत घातली म्हणूनच तर त्या अंकांना आज ही किंमत आहे.

उरलेलं निम्मं उत्तर आपल्या मनात असतं. आधी तिकडे जाऊ.

### एका भावनेसाठी मराठीत दोन शब्द

१६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुणानं स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे वैद्यकशास्त्राचा प्रबंध लिहिला. घरापासून लांब गेलेली माणसं, विशेषतः परक्या देशांत भाड्यानं लढायला गेलेले स्विस सैनिक, घराच्या आठवणीनं खंगत जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. या आजाराला त्यानं 'परतणं' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिलं: नॉस्टॅल्जिया. म्हणजे आज जो शब्द आपण जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला सहज लावतो, तो मुळात एका दुखण्याचं नाव होता.

मराठीनं याचे दोन शब्द केले आणि दोन्ही अचूक आहेत. 'स्मरणरंजन' म्हणजे आठवणीत रमण्याचं सुख. 'गतकातरता' म्हणजे गेलेल्या काळासाठी जीव तुटणं. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. जुना अंक हातात घेतल्यावर चेहऱ्यावर हसू येतं आणि घसाही दाटतो. यातली कुठलीही एक बाजू काढून टाकली तर जे उरेल ते वेगळंच काहीतरी असेल.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम विल्डशुट यांनी या भावनेवर गेली वीसेक वर्षं काम केलं आहे. त्यांचे निष्कर्ष साधे आहेत आणि मला फार महत्त्वाचे वाटतात. एकटं वाटायला लागलं की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो. त्या आठवणींत तो स्वतः मध्यभागी असतो, पण क्वचितच एकटा असतो. आजूबाजूला जिव्हाळ्याची माणसं असतात. आठवून झाल्यावर त्याला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटतं. होफरला जो आजार वाटला, तो बराचसा मनानं शोधलेला उपाय आहे.

हे कॉमिकला लावून बघा. दहाव्या वर्षी वाचलेल्या अंकातली गोष्ट विचारली तर ती धड सांगता येत नाही. पण तो अंक पोटावर पालथं पडून कुठल्या कोपऱ्यात वाचला, तो कुणाकडून आणला होता, भावानं पान उलटायची किती घाई केली, हे सगळं लख्ख आठवतं. लाल झग्यातला नायक निमित्त असतो. ओढ त्या दुपारची असते.

### नेमकं त्याच वयातलं का आठवतं?

उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर त्या सगळ्या वर्षांत सारख्या विखुरलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी होते. आलेख काढला तर तिथे टेकाड दिसतं, म्हणून त्याला आठवणींचा उंचवटा म्हणू. या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि पहिल्यांदा घडलेलं मनात खोल रुजतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. आपण कोण आहोत हे याच वर्षांत ठरत असतं, हे दुसरं.

याचा बाजाराशी थेट संबंध आहे. एखाद्या काळात दहा वर्षांची असलेली पिढी तीस-चाळीस वर्षांनी कमावती, स्थिरावलेली होते आणि हरवलेलं परत विकत घेऊ शकते. चित्रपट कंपन्या जुने नायक पुन्हा पडद्यावर आणतात आणि खेळणीवाले जुनीच खेळणी जुन्याच खोक्यांत घालून विकतात, त्यामागे हाच हिशोब असतो.

पण ओढ कितीही असली तरी तिच्यानं एकट्यानं ९१ लाख डॉलर होत नाहीत. त्यासाठी वस्तू दुर्मिळ असावी लागते.

### रद्दी दुर्मिळ कशी होते?

सुपरमॅन सगळ्यात आधी अवतरला तो 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. साल १९३८, किंमत दहा सेंट. त्याच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या. आज त्यातल्या शंभरेक उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या गेल्या कुठे?

बऱ्याचशा वाचून संपल्या. हा शब्द मी विचार करून वापरतोय. कॉमिक जपण्यासाठी नव्हतंच. गुंडाळी करून मागच्या खिशात खोचायचं, मित्राशी अदलाबदल करायची, जेवताना वाचायचं, पान फाटलं तर फाटलं. पुढचा अंक आला की हा अंक शिळा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागदाचा पुनर्वापर हे देशकार्य झालं. मुलं गाड्या ढकलत घरोघर रद्दी गोळा करायची आणि त्या ढिगांत स्वतःची कॉमिक्स अभिमानानं टाकायची. ज्या नायकांची मुखपृष्ठावर हिटलरशी मारामारी चालली होती, तेच नायक युद्धाच्या कामी लगदा झाले.

त्यानंतरचा अध्याय जास्त कडू आहे. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, अशी हवा तयार झाली. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये शाळकरी मुलांनीच गोळा केलेल्या कॉमिक्सची होळी झाली. फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञानं १९५४ साली पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचं खापर कॉमिक्सवर फोडलं. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची आचारसंहिता लादून घेतली: रक्तपिपासू पिशाच्चं नकोत, चालती प्रेतं नकोत, शेवटी चांगल्याचाच विजय हवा. भीतीच्या आणि गुन्हेगारीच्या कथा छापणारे कितीतरी प्रकाशक यात बुडाले. वर्दमचे कागद पुढे संशोधकांसाठी खुले झाले आणि २०१२ साली कॅरोल टिली या अभ्यासिकेनं दाखवून दिलं की त्यानं मुलांच्या जबान्यांमध्ये फेरफार केले होते. ही संहिता त्याच्या आदल्या वर्षापर्यंत, म्हणजे २०११पर्यंत, तग धरून होती.

मला या इतिहासाचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. मुलांच्या हातातलं वाचन त्यांच्याच हातानं जाळायला लावणं हे कुठल्याही काळात वाईटच. पण यातून एक विलक्षण गोष्ट घडली: ज्यांनी कॉमिक्स कचरा मानून संपवायचा प्रयत्न केला, त्यांनीच उरलेल्या प्रती अनमोल करून ठेवल्या.

### आणि कागद स्वतःच संपत जातो

त्या काळची कॉमिक्स वर्तमानपत्राच्या कागदावर छापत. हा कागद लाकूड दळून करतात, त्यामुळे त्यात लिग्निन राहतं. लिग्निन म्हणजे झाडाच्या तंतूंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारा नैसर्गिक डिंक. झाडाला तो उभं ठेवतो, पण कागदात राहिला तर उजेड आणि हवा लागून पिवळा पडतो. शिवाय शाई फुटू नये म्हणून कागदावर जी प्रक्रिया करत, तिच्यामुळे तो आम्लधर्मी होतो. आम्ल कागदाचे तंतू आतून कुरतडत राहतं. खिडकीत दोन दिवस राहिलेलं वर्तमानपत्र कसं पिवळं आणि कडक होतं ते आठवा. कॉमिकमध्ये तेच घडतं, फक्त सावकाश.

जुन्या कागदाचा तो गोडसर वास येतो ना, तो याच झिजेचा असतो. कागद विघटित होताना जी संयुगं हवेत सुटतात, त्यांतली काही व्हॅनिलाच्या वासाच्या जवळची आहेत. ज्या वासानं आपण क्षणात तीस वर्षं मागे जातो, तो कागद विरत चालल्याची खूण आहे.

म्हणून कॉमिक कुठे ठेवलं होतं याला इतकं महत्त्व. १९७७ साली कोलोरॅडोत एडगर चर्च यांच्या घरातून सुमारे अठरा ते बावीस हजार कॉमिक्स निघाली, त्यांतली बरीच पानं चाळीस वर्षांनंतरही जवळपास पांढरी होती. कोरडी, थंड हवा आणि एकमेकांवर घट्ट रचलेले गठ्ठे, त्यामुळे पानांना उजेड लागला नाही आणि हवाही फारशी पोचली नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या माळ्यावरही थंडावा कामी आला.

माझ्याकडे १९७४चा एक अंक आहे. त्याची मधली पिन गंजली आणि मुखपृष्ठ सुटायला लागलं, तेव्हा मी घरातली साधी चिकटपट्टी लावली. मला वाटलं, वाचवलं. काही वर्षांत पट्टी वाळून आपोआप निघाली, पण तिचा चिकट थर कागदात मुरला होता. आता कडेला उभा तपकिरी पट्टा आहे, तो कधीच जाणार नाही. म्हणून सांगतो, जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका.

### 'ग्रेड' म्हणजे काय?

लिलावाच्या बातम्यांत ९.० किंवा ८.५ असे आकडे येतात. ती त्या प्रतीची ग्रेड, म्हणजे अवस्थेला दिलेले गुण. पट्टी ०.५पासून १०पर्यंत असते. मुखपृष्ठावरच्या सुरकुत्या, कोपऱ्यांची झीज, पिनांचा गंज, पानांचा रंग, सगळं मोजलं जातं. अमेरिकेतली 'सीजीसी' ही कंपनी २००० सालापासून हे काम करते. गुण देऊन झाले की अंक कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होतो. संग्राहक तिला 'स्लॅब' म्हणतात.

घेणारा आणि विकणारा यांच्यात भांडण होऊ नये म्हणून त्रयस्थानं तपासणं योग्यच आहे. पण सीलबंद अंक वाचता येत नाही. प्लास्टिकपलीकडे कॉमिक दिसतं, उलटता येत नाही. मला हे बघवत नाही, मात्र असं न केलं तर उरलेल्या शंभर प्रतींच्या नव्वद होतील हेही खरं.

### "गोष्ट तर फोनवरही वाचता येते, मग मूळ प्रत कशाला?"

रास्त प्रश्न आहे. या प्रसिद्ध अंकांची पुनर्मुद्रणं मिळतात, डिजिटल आवृत्त्याही आहेत. गोष्ट शब्दशः तीच.

समजा, तुमच्या जवळच्या माणसानं लिहिलेलं एक जुनं पत्र आहे. मी त्यातला मजकूर स्वच्छ टाइप करून दिला आणि मूळ कागद फेकून दिला, तर चालेल का? शब्द तेच आहेत, तरीही चालणार नाही. त्या कागदावर त्या माणसाचा हात फिरला होता. वस्तूचा प्रवास वस्तूला चिकटून राहतो, असं माणसाला वाटतं. हे तर्कात बसवणं कठीण, पण जगात सगळीकडे माणसं असंच वागतात.

आणि मूळ प्रत दिसतेही वेगळी. भिंग धरून जुन्या कॉमिकमधला गाल बघा. तिथे त्वचेचा रंग नसतोच. पिवळसर झालेल्या कागदावर लाल ठिपक्यांची जाळी असते, ठिपके विरळ आणि कागद मधूनमधून डोकावणारा. भिंग बाजूला केलं की ठिपके मिसळून गुलाबी गाल तयार होतो. निळा, लाल, पिवळा आणि काळा अशा चार शाया एकामागून एक छापायच्या आणि घाईच्या छपाईत एखादी केसभर सरकायची. मग झग्याचा लाल रंग रेषेबाहेर सांडतो आणि ओठ तोंडाच्या किंचित बाजूला उमटतात. नव्या गुळगुळीत आवृत्तीत हे सगळं दुरुस्त केलेलं असतं. मला ती दुरुस्ती नकोशी वाटते. चित्रकारानं रेषा ज्या कागदासाठी आणि ज्या ठिपक्यांसाठी काढली होती, ती तिथेच शोभते.

### "मग आजची कॉमिक्स जपून ठेवली तर मुलं श्रीमंत होतील?"

नाही. हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे.

१९९०च्या सुमाराला जुन्या अंकांच्या किमतींच्या बातम्या वाचून लोकांनी नवे अंक गुंतवणूक म्हणून घ्यायला सुरुवात केली. प्रकाशकांनी ते ओळखलं. १९९१ साली 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाची वेगवेगळी पाच मुखपृष्ठं निघाली आणि दुकानदारांनी ८० लाखांहून जास्त प्रती मागवल्या. नोव्हेंबर १९९२मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद होऊन आला, आत दंडाला बांधायची काळी पट्टीसुद्धा होती. असंख्य लोकांनी पिशवी उघडलीच नाही. भविष्यासाठी ठेवून दिली.

१९३८च्या अंकाच्या दोन लाखांतल्या शंभर उरल्या, कारण त्या कुणी जपल्या नाहीत. ८० लाख प्रती सगळ्यांनीच जपल्या, तर तीस वर्षांनी जवळपास तेवढ्याच उरतात. मग महाग कशा होणार? हे लक्षात आलं तसा फुगा फुटला, हजारो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६मध्ये 'एक्स-मेन' काढणाऱ्या मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

मला पैशांपेक्षा त्या न उघडलेल्या पिशव्यांचं जास्त वाईट वाटतं. तो अंक ज्यांनी वाचला, रडले, मित्राशी भांडले, त्यांच्याकडे आज आठवण आहे. ज्यांनी सीलबंद ठेवला, त्यांच्याकडे ना किंमत ना आठवण.

### "जुनं ते खरंच सोनं होतं?"

काही सोनं होतं, पुष्कळसं नव्हतं. काळाची चाळणी सुमार ते खाली पाडते आणि वर उरलेल्या मोजक्या दाण्यांवरून आपण सगळं पीक कसदार होतं असं ठरवतो. त्या काळच्या दर चांगल्या अंकामागे कंटाळवाण्या अंकांचे ढीग होते, ते कुणाला आठवत नाहीत.

काही गोष्टी तर आठवायलाच हव्यात. युद्धकाळातल्या कॉमिक्समध्ये जपानी माणसं ज्या विकृत पद्धतीनं रंगवली, ती बघवत नाहीत. आणि सुपरमॅन ज्यांनी जन्माला घातला त्या जेरी सिगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले होते. पुढे दोघांनी हलाखीचे दिवस काढले. १९७५च्या अखेरीस, सार्वजनिक दबाव आल्यावर, कंपनीनं त्यांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि निर्माते म्हणून नाव देणं मान्य केलं. ज्या ४१२ डॉलरच्या जुन्या चेकमध्ये हे १३० डॉलरही होते, तो २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. तोवर दोघंही हयात नव्हते.

स्वेतलाना बॉयम या अभ्यासिकेनं या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारात माणसाला तो काळ जसाच्या तसा परत आणायचा असतो, त्यातल्या खोटेपणासकट. दुसऱ्यात तो गेलाय हे माहीत असतं आणि माणूस त्याच्याकडे प्रेमानं, पण डोळे उघडे ठेवून बघतो. सिगल-शुस्टरची गोष्ट माहीत असूनही त्यांचं पहिलं पान बघताना अंगावर काटा येतो, तो या दुसऱ्या प्रकारचा.

### "ज्यांनी तो काळ पाहिलाच नाही, त्यांना कसली ओढ?"

विशीतली मुलं आज जुनी कॉमिक्स, कॅसेट, ग्रामोफोनच्या तबकड्या घेतात. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांच्या विक्रीनं सीडींना मागे टाकलं, ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. १९८७नंतर पहिल्यांदाच असं झालं. हे सगळे खरेदीदार साठीचे नक्कीच नाहीत.

याला दिखाऊपणा म्हणून झटकून टाकू नये. मुलं मोठ्यांच्या आठवणी ऐकत वाढतात आणि त्यातल्या काही त्यांच्याच होऊन जातात. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. कॉमिकला शेवटचं पान असतं. तबकडीची एक बाजू संपते आणि उठून ती उलटावी लागते. पडद्यावर बोट फिरवत राहिलं तर काहीच संपत नाही. न संपणाऱ्या गोष्टींमध्ये वाढलेल्या पिढीला संपणारी, हातात मावणारी, मित्राला देता येणारी वस्तू हवीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

### घरात असं खोकं निघालं तर

आधी हात धुऊन कोरडे करा. अंक उन्हात किंवा दमट जागेत ठेवू नका. आम्लविरहित पुठ्ठा आणि पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट पुरतं, अंक उभे ठेवा आणि वाकू देऊ नका. डाग पुसू नका, रंग भरू नका. अशी डागडुजी केलेल्या प्रतीची किंमत उलट घसरते.

आणि पानं मोजा. १९७४च्या सुमाराला मार्व्हल वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटं चौकोनी चित्र छापायचं आणि मुलांना सांगायचं, कापा आणि वहीत चिकटवा. 'हल्क'च्या १८१व्या अंकात वूल्व्हरिन हा पुढे गाजलेला नायक पहिल्यांदा पूर्ण कथेत दिसला, त्याच्या असंख्य प्रतींत आज तिथे भोक आहे. चित्र शाबूत असलेली प्रत बरीच महाग जाते. ज्यांनी सांगितलं तसं केलं, त्यांचा अंक बाजारात नापास.

माझ्या त्या तपकिरी पट्ट्याच्या अंकातही पत्रांच्या पानावर अशी खिडकी आहे. कुणी कापली माहीत नाही. माझ्याकडे तो आला तेव्हाही ती होती. तिच्यातून पुढच्या पानावरच्या आकाशाचा निळा तुकडा दिसतो. तीन कडा अगदी सरळ आहेत, जीभ दाताखाली धरून कापल्यासारख्या. चौथ्या कडेला कात्री थोडी घसरली आहे.